जांभळी मुंडी आणि माझी सही

गेल्या डिसेंबरात जळगावला एक कृषी प्रदर्शन भरलं होतं. ठिबकच्या नळ्या, केळीची रोपं, फवारणीचे ड्रोन आणि मधल्या मंडपात भाषणं. पाय दुखले म्हणून मी मंडपात टेकले, तर व्यासपीठावर आमच्या कारखान्याचे जुने खरेदी अधिकारी उभे. आता ते सल्लागार झाले आहेत. निवृत्तीनंतर ज्याला कुणी विचारत नाही त्यानं कार्डावर हा शब्द छापून घ्यायचा असतो. त्यांच्यामागच्या पडद्यावर गोरखमुंडीचा सुरेख जांभळा फोटो होता आणि खाली ओळ होती : ‘अडाणी संकलकांच्या अशास्त्रीय तोडणीमुळे नामशेष होण्याच्या मार्गावर.’

शेजारचे गृहस्थ हळहळले. म्हणाले, “या लोकांना कळतच नाही हो. दिसलं की ओरबाडायचं!”

मी ताडकन उठले आणि तिथूनच ओरडले, “साफ खोटं आहे हे!” मंडपातल्या माना वळल्या. सूत्रसंचालन करणाऱ्या मुलीनं गोड आवाजात सांगितलं, “ताई, प्रश्न शेवटी घेऊ.” शेवटी अर्थातच वेळ संपली आणि नारळ-शाल सुरू झालं. दिवाळी अंकात कुणी माईक काढून घेत नाही, म्हणून जे तिथं बोलायचं राहिलं ते इथं लिहिते आहे. आणि लिहायला बसलेच आहे तर सगळंच लिहिते, माझ्या अंगावर येणारंसुद्धा.

मी मूळची बोदवडची. वनस्पतिशास्त्र घेऊन बीएस्सी झाले आणि जळगावच्या एका आयुर्वेदिक औषधांच्या कारखान्यात परीक्षक म्हणून चिकटले ती निवृत्तीपर्यंत. कारखान्याचं नाव लिहीत नाही. तो आता विकला गेला आहे आणि त्या जागेवर दुसरंच काही उभं आहे. मुलाखतीला मालकांचे वडील, मोठे शेठ, स्वतः बसले होते. त्यांनी माझ्यासमोर पाच पुड्या ठेवल्या आणि म्हणाले, “बेटी, ओळख.” चार मी वासावरून ओळखल्या. पाचवी नुसती माती होती. “ही माती आहे,” मी म्हटलं. शेठ हसले आणि मला दुसऱ्या दिवसापासून यायला सांगितलं. पाचव्या पुडीला काहीतरी भारदस्त संस्कृत नाव देणारे माझ्याआधी तिघंजण येऊन गेले होते, हे मला पुढे कळलं.

बाहेरच्या माणसाला हे काम काय ते सांगते. औषधाच्या कारखान्यात माल येतो तो पोत्यांत. मुळं, साली, पानं, फुलं, बिया. सगळं वाळलेलं, सगळं एकसारखं मातकट. पोत्यात पोकळ सळई खुपसून वरचा, मधला आणि तळाचा थोडा थोडा माल काढायचा, पांढऱ्या ताटात पसरायचा आणि ओळखायचा. डोळ्यांनी, भिंगानं, बोटांनी चोळून, नाकानं, आणि वेळ पडली तर चावून. मग कागदावर पास किंवा नापास, खाली सही. ती सही होईपर्यंत पोतं गोदामात सरकायचं नाही. कागदोपत्री मी परीक्षक होते. हमाल मला ‘नाकवाल्या बाई’ म्हणायचे आणि मला ते नाव आवडायचं.

चावण्यावरून आठवलं. अक्कलकारा नावाचं एक मूळ असतं. खरं असेल तर चावल्यावर जीभ बधिर होते, तोंडाला लाळ सुटते. एकदा मी एकाच दुपारी सात नमुने चावले आणि नेमका त्याच वेळी शेठजींचा फोन आला. मला ‘हॅलो’सुद्धा म्हणता येईना. पलीकडून ते काळजीनं विचारताहेत, “बाई, तब्येत बरी आहे ना?” आणि मी नुसतीच घूं घूं करते आहे. तो माल मात्र सगळा पास झाला.

अक्कलकारा, माका, करडई, झेंडू, सूर्यफूल ही सगळी एकाच कुळातली मंडळी. या कुळाची गंमत अशी, की आपण ज्याला एक फूल म्हणतो ते मुळी एक फूल नसतंच. पुष्कळ बारीक बारीक फुलं दाटीवाटीनं एकत्र राहतात, म्हणजे एक गावच म्हणा ना. माझ्या नोकरीतली बरीचशी भांडणं या कुळावरून झाली. माक्याचंच घ्या. ओला माका तळहातावर चोळला की थोड्या वेळानं हात काळा पडतो. एका व्यापाऱ्यानं माका म्हणून भलतंच गवत आणलं. चोळचोळ चोळलं, माझा हात आपला हिरवाच. तो म्हणाला, “बाई, ही पांढऱ्या जातीची आहे.” मी म्हटलं, “मग पांढऱ्या केसांना लावा, तिथं शोभेल.” तो वर्षभर माझ्याशी बोलला नाही.

फैजपूरचे एक केळीवाले भाऊ सुनेसाठी महागाचं केशर घेऊन आले होते. सून गरोदर, दुधात घालायचं, तेवढं खरं आहे ना बघा. मी दोन काड्या पाण्यात टाकल्या. म्हटलं, “भाऊ, या करडईच्या पाकळ्या आहेत.” भाऊ लालबुंद झाले. विकणाऱ्यावर नव्हे, माझ्यावर. “तुम्हाला केशरातलं काय कळतं?” म्हणून तरातरा निघून गेले. खोटा माल देणाऱ्याचा राग येत नाही, खोटा आहे म्हणून सांगणाऱ्याचा येतो. हे ज्याला सोसत नाही त्यानं या धंद्यात पडू नये.

आणि गाजरगवताचा तो ट्रक. पोती उतरवता उतरवता एका हमालाच्या मानेवर आणि दंडांवर लालभडक पुरळ उठलं. मी पोतं फोडलं तर आत औषधी फुलांमध्ये गाजरगवताचे तुरे खुशाल मिसळलेले. खरेदी अधिकारी, म्हणजे तेच ते मंडपातले, मला बाजूला घेऊन म्हणाले, “थोडंफार गवत येतंच हो. चाळून घेऊ.” मी अख्खा ट्रक परत पाठवला. ते दोन महिने माझ्याकडे बघून न बघितल्यासारखं करत होते. मी मात्र घरी, दारी, नातेवाइकांच्या लग्नांत सांगत सुटले, की माझ्या हातून खोटी सही कधी होणार नाही.

आता गोरखमुंडी. ज्यांनी पाहिली नाही त्यांच्यासाठी सांगते. पावसाळ्यात भरलेलं तळं हिवाळ्यात आटायला लागलं, की उघड्या पडलेल्या ओलसर काळ्या गाळात ही झुडपं उगवतात. गुडघ्याच्या खालीच राहतात. दांड्याला कातरलेली झालर असते, पानं चिकट असतात, वास इतका उग्र की शेळीही तोंड लावत नाही. आणि टोकाला बोराएवढे गोल जांभळे गोंडे. तीच मुंडी. तिच्यात तर फुलांच्या झुपक्यांचेही झुपके असतात. पौष महिन्यात तळ्याच्या काठावर उभं राहावं तर सगळा तळ जांभळा दिसतो. कुणी पेरत नाही, कुणी खत घालत नाही. रक्तशुद्धीच्या काढ्यात ती लागते, आणि आमच्याकडच्या बायका धान्याच्या कोठीतही मूठभर टाकतात, किडा होऊ नये म्हणून.

आमच्याकडे मुंडी यायची ती धरणगावकडच्या एका गावातून. तिथल्या पाझर तलावाच्या काठी एक वस्ती आहे. तिथल्या दहाबारा बायका कपाशीची वेचणी संपली की मुंडी गोळा करायच्या. पुढारी सखूअक्का. पुढे ज्या वर्षांची गोष्ट सांगणार आहे तेव्हा साठीला टेकलेल्या, हाडापेरानं काटक, कपाळावर ठसठशीत हिरवं गोंदण. मी कारखान्यात लागले त्या वर्षीही त्याच माल आणत होत्या. फाल्गुनात, होळीच्या आगेमागे त्यांची पोती यायची. मुंडी तपकिरी, पार वाळलेली आणि बरीचशी फुटलेली.

सुरुवातीलाच मी त्यांना विचारलं होतं, “अक्का, माल असा फुटका का?”

“झटकेल शे, माय,” त्या म्हणाल्या. “जमीनना वाटा जमीनले दीसन मंग बांधेल शे.”

मी एकदा मुद्दाम जाऊन पाहिलं. प्रत्येक बाई कापलेल्या झुडपांची पेंढी दोन्ही हातांनी धरायची आणि आहे तिथेच, तळ्याच्या गाळावर तीनदा जोरात आपटायची. भुगा उडायचा. जे खाली पडेल ते पडेल, उरलेलं बांधायचं. जमिनीचा वाटा जमिनीला. आपटल्याशिवाय पेंढी बांधली तर पुढच्या वर्षी तळं रुसतं, असं त्यांची पोरंसुद्धा सांगत होती. मी हसले. बीएस्सीला असलं काही शिकवलेलं नव्हतं. माझ्या तक्त्यात फुटक्या मुंडीसाठी ‘भुगा’ असा रकाना होता आणि अक्कांच्या मालाला त्यात दरवर्षी कमी गुण पडायचे. तरी माल वासाला अस्सल असायचा म्हणून मी पास करत असे.

मोठे शेठ गेले आणि त्यांच्या नातवाच्या हाती कारभार आला. कारखान्यानं काढ्याबरोबर हर्बल चहा काढायचं ठरवलं. काचेची बरणी, आत अख्खी सुकी फुलं, बाहेरून दिसायला छान. बाहेरच्या एका मोठ्या गिऱ्हाइकाला मुंडी हवी होती, पण जांभळी आणि अख्खी. तपकिरी भुगा बरणीत कसा दिसणार? औषध दिसायला छान हवं हे मी जन्मात पहिल्यांदा ऐकत होते. खरं तर तेव्हाच संतापायला हवं होतं. पण खरेदी अधिकारी म्हणाले, “बाई, यात तुमच्याइतकं कुणाला कळतं? नियम तुम्हीच लिहा.” आणि मी फुगले. ट्रक परत पाठवल्यापासून जो माणूस धड बोलत नव्हता, तो आज माझी विद्या मागत होता.

मी नियम लिहिला. दोन दिवस बसून, अगदी मन लावून. ‘गोरखमुंडी : रंग जांभळा, गोंडा पूर्ण व न फुटलेला असावा. तपकिरी, पक्व, भुगा झालेला माल नाकारावा. पेंढी आपटू वा झटकू नये.’ खाली माझी सही. तो कागद इतका नेटका झाला होता, की मी त्याची एक प्रत घरी नेली.

मग जीपनं वस्तीवर गेले. बाटलीत जांभळ्या, अख्ख्या मुंडीचा नमुना घेऊन. बायका लिंबाखाली जमल्या. मी बाटली फिरवली आणि सांगितलं की यापुढे असाच माल, पौषातच तोडायचा, आपटायचं नाही.

“बठ्ठं कच्चंच तोडानं का?” अक्कांनी विचारलं.

“हो अक्का, सगळं. तपकिरी झालेलं आता चालणार नाही.”

त्यांनी बाटली उन्हात धरून बराच वेळ पाहिली. पौषात कपाशीची वेचणी चालू असते, ती मजुरी बुडवून त्यांना तळ्यात उतरावं लागणार होतं, एवढंही माझ्या ध्यानात आलं नाही. त्या मात्र काही कुरकुरल्या नाहीत. शिकलेली बाई बाटली घेऊन आली आहे, म्हणजे त्यात काही असेलच, असा त्यांचा हिशेब असावा.

पहिल्या वर्षी माल आला तो पाहून माझं मन हरखलं. जांभळ्या मण्यांची पोतीच्या पोती. माझ्या तक्त्यात अक्कांना पहिल्यांदा पैकीच्या पैकी गुण मिळाले. दुसऱ्या वर्षी पोती कमी झाली. पाऊस कमी होता, असं आम्ही म्हटलं. तिसऱ्या वर्षी पाऊस चांगला झाला, तळं तुडुंब भरलं, आणि पोती आली ती मोजून तीन. चौथ्या वर्षी पौष उलटला तरी काहीच आलं नाही.

गिऱ्हाइकाची पत्रं सुरू झाली. त्याच दिवसांत एका दुपारी मी आदल्या वर्षीच्या शिल्लक मालातली एक जांभळी मुंडी ताटात घेतली आणि सुईनं उकलली. भिंगाखाली बघते तर आत बी नव्हतं. होती ती पोचट फोलं. कपाटातून मी नियम करण्याआधीच्या मालाची नमुना-बाटली काढली. तपकिरी, भुगा झालेली, माझ्याकडून कमी गुण घेतलेली मुंडी. बाटली हलवली तर तळाशी राईहून बारीक, टणक दाणे जमले होते. शेकडो. हे झुडूप एका वर्षात जगून मरतं. त्याचं पुढचं वर्ष म्हणजे तेवढे दाणे. ते पिकायच्या आत मी तोडायला लावले, आणि जे कुठे चुकून पिकले असतील ते झटकायला मनाई केली. तळ्याच्या काठावर निरक्षर बायका जे बियाणं दरवर्षी पेरत होत्या, त्याला मी माझ्या तक्त्यात ‘भुगा’ म्हणत होते.

ही चूक कॉलेजच्या पहिल्या वर्षातल्या पोरानंही केली नसती. फूल, मग फळ, मग बी. पाचवीच्या पुस्तकात चित्र असतं.

मी खरेदी अधिकाऱ्यांकडे गेले आणि सगळं सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकलं. मग म्हणाले, “बाई, हे तोंडातून बाहेर काढू नका. नियमावर सही तुमची आहे. गिऱ्हाइकानं दावा केला तर कारखाना तुमच्याकडे बोट दाखवेल. निवृत्तीला किती वर्षं राहिली?”

दुसऱ्या दिवशी बैठक बोलावली होती. टेबलावर अहवाल तयारच होता. त्यात लिहिलं होतं की संबंधित गावातील महिलांनी हव्यासापोटी अशास्त्रीय तोडणी केल्यानं गोरखमुंडी नष्ट झाली, सबब त्यांना पुरवठादारांच्या यादीतून वगळण्यात यावं. तांत्रिक परीक्षक म्हणून खाली माझं नाव छापलेलं, वर सहीपुरती जागा. अशास्त्रीय! ज्या बायकांनी कारखान्याच्या शास्त्रानुसार, माझ्या बाटलीतल्या नमुन्याबरहुकूम, कपाशीची मजुरी बुडवून तोडणी केली, त्यांची तोडणी अशास्त्रीय. आणि हव्यास कुणाचा? बरणीत जांभळा रंग कुणाला हवा होता?

हे सगळं मी आज लिहिते आहे. त्या दिवशी मी एक अक्षरही बोलले नाही. पेनाचं टोपण काढलं आणि सही केली. ट्रकभर गाजरगवत परत पाठवणारी मी. मुलाचं शिक्षण चालू होतं, घराचे हप्ते होते, ही कारणं मी स्वतःला पुष्कळदा सांगून पाहिली आहेत. ती खरी आहेत, पण त्यांनी काही भागत नाही.

बैठकीतून बाहेर आले तर गेटवरचा वॉचमन म्हणाला, “बाई, ती धरणगावकडची म्हातारी आली होती. सकाळपासून बसली होती. बाईंनाच भेटायचंय म्हणत होती. साहेबांनी आत सोडू नका सांगितलं होतं. आत्ताच एसटीला गेली.” तिनं एक गाठोडं ठेवलं होतं. आत ओंजळभर मुंडी होती, तळ्यात हुडकून मिळाली तेवढी. जांभळी, अख्खी, नियमाप्रमाणे. वॉचमनकडे निरोप होता, “बाईले सांग, बठ्ठा तलाव कोरा पडेल शे.” मला वाटलं, म्हातारी भांडायला आली असणार. मला सुटल्यासारखं झालं, हेही खरं आहे. मी एसटी स्टँडवर गेले नाही. कारखान्यापासून रिक्षानं दहा मिनिटांवर स्टँड होता.

त्यानंतर मुंडी एका दलालाकडून येऊ लागली. तो कुठल्या तळ्यातून आणत होता कोण जाणे. चहाची बरणी दोन वर्षांत बंद पडली, लोकांना चव आवडली नाही. ज्या चहासाठी एक तळं रिकामं झालं, तो चहा कुणाला आवडलासुद्धा नाही! जुन्या नमुन्यांच्या बाटल्या मुदत संपली म्हणून बॉयलरमध्ये गेल्या, ती बियांची बाटलीही त्यांतच. ती यादीही माझ्याच सहीनं गेली. मग मी निवृत्त झाले. समारंभात ‘काटेकोर आणि निर्भीड’ अशी माझी स्तुती झाली आणि ती खरेदी अधिकाऱ्यांनीच केली.

तळ्याकडे मी पुन्हा फिरकले नाही. इतकी वर्षं नाही. पण मंडपात तो ‘अडाणी’ शब्द पडद्यावर वाचला आणि घरी आल्यावर मला अन्न गोड लागेना. लोक हळहळत होते ते सखूअक्कांच्या नावानं. तो शब्द माझ्या सहीच्या जोरावर पडद्यावर चढला होता. महिनाभर चरफडले आणि संक्रांतीच्या दुसऱ्या दिवशी एसटीत बसले.

तलाव नेहमीसारखा भरून आता आटत आला होता. गाळ उघडा पडला होता. त्यावर बेशरमीच्या झुडपांची आणि गाजरगवताची दाटी होती. जांभळं कुठेच काही नव्हतं. मी काठाकाठानं अर्धा फेरा मारला, वाकून वाकून पाहिलं. एक रोप सापडलं असतं तरी मी रडले असते.

अक्का ओसरीवर तुरीच्या शेंगा सोलत बसल्या होत्या. पार थकल्या आहेत, डोळ्यांत मोतीबिंदू. आवाजावरून त्यांनी मला ओळखलं. “कारखानानी बाई ना तू? ये माय, बस.” सुनेला चहा ठेवायला सांगितला.

मी बसले नाही. उभ्यानंच सगळं बोलून टाकलं. नियम मी लिहिला होता, चूक माझी होती. अहवालात तुम्हाला दोषी धरलं त्यावर माझी सही आहे. आजही तो माणूस गावोगाव तुम्हाला अडाणी म्हणत फिरतो आहे. त्याच्यावर मी लिहिणार आहे, पेपरात देणार आहे, सोडणार नाही. माझा आवाज चढला होता. शेजारच्या दोघीतिघी दारात येऊन उभ्या राहिल्या. मला वाटत होतं अक्का आता मला बोलतील, शिव्या देतील. त्यांनी द्याव्यात अशी माझी इच्छा होती.

अक्कांनी शेंगांचं सूप खाली ठेवलं. माझा संताप त्यांच्यापर्यंत पोचलाच नव्हता बहुतेक. अहवाल, सही, अडाणी, यांतलं काही त्यांना नवीन नव्हतं किंवा मोठं नव्हतं.

“तू बाटली लई उनी व्हती ना, तवय मी तुले इचारं व्हतं,” त्या म्हणाल्या, “बठ्ठं कच्चं तोडं तं बीनं काय? तू म्हने, ते आम्ही देखसूत.”

बाटली घेऊन आले त्या दिवशी अक्कांनी बियांचं विचारल्याचं मला आठवत नाही. पण मी बोलले असणार. ‘ते आम्ही बघू’ हे वाक्य मी नोकरीत रोज कुणाला ना कुणाला सांगत असे. व्यापाऱ्याला, हमालाला, गेटवर ताटकळणाऱ्याला. जीप थांबलेली असली की तेच तोंडातून बाहेर पडतं.

“आम्हले वाटनं, खरंच शे,” अक्का पुढं म्हणाल्या. “कपाशीनं बी कंपनीच देस ना, दरसाल पुडीमा. पहिलं आम्ही घरनं ठेवूत, आते कोनी ठेवत नही. मंग मुंडीनं बी तसंच येयी. कच्चं लई गयात, म्हंजे बी त्यासनापान व्हयी. दोन साल वाट देखी. मंग मी गेटवर उनी व्हती, बी मांगाले. तुनी भेट नही झायी.”

भांडायला नव्हे. कच्चा माल नेणारी कंपनीच कपाशीसारखं मुंडीचंही बी देईल म्हणून दोन वर्षं वाट पाहून त्या बी मागायला आल्या होत्या. त्या बंद गेटबाहेर सकाळपासून बसल्या होत्या तेव्हा ते बी माझ्या कपाटातल्या बाटलीत होतं, शेकडो दाणे, आणि त्याच तासाला मी आत सही करत होते.

मी ओसरीच्या कडेला टेकले, पिशवी मांडीजवळ ठेवली. सुनेनं चहा आणून दिला. कप माझ्या हातात तसाच राहिला. अक्कांनी पुढं वाकून, हातानं चाचपत माझ्या मांडीजवळची पिशवी शोधली आणि तिच्यावर हात ठेवला. त्यांच्या चेहऱ्यावर राग नव्हता. इतक्या वर्षांनी एकदाचं काम झालं, असं काहीतरी होतं.

“आते तू स्वताच उनी, बरं झायं,” त्या म्हणाल्या. “बी लई उनी ना?”

पिशवीत तिळगुळाचा डबा होता.